परदेशची वाट आणि घरचें माणूस
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आणि विषय कोणता घ्यावा हें माझ्याच मर्जीवर सोंपविण्यांत आलें, याबद्दल मी आपला ऋणी आहें. महोत्सव म्हटला म्हणजे गत वर्षांचें स्मरण व पूर्वजांचें गुणवर्णन करण्याची वहिवाट आहे. तें काम माझ्याहून अधिकारी वक्त्यांनीं उत्तम रीतीनें केलेंच आहे. मी जो विषय घेणार आहें तो या मांडवांत बसलेल्या पुष्कळ मातापित्यांच्या मनांत घोळत असतो, परंतु चारचौघांत कोणी बोलत नाहीं. महोत्सवाचीं निमंत्रणें बाहेरगांवीं गेलीं, तेव्हां पुण्यामुंबईचीं माणसें रजा काढून आलीं. अमेरिकेहून मात्र एकदोन घरांस असें उत्तर आलें कीं, येण्याची इच्छा पुष्कळ आहे, पण येतां येणार नाहीं. याचा अर्थ सवड नाहीं किंवा पैसा नाहीं असा नव्हे. आल्यावर परत जातां येईल कीं नाहीं याची खात्री नाहीं, असा त्याचा अर्थ. घरचा मुलगा धडधाकट आहे, कोणाचा अपराधी नाहीं, चांगल्या पगारावर आहे, आणि तरीही आईच्या दारांत येण्याचा त्याला धीर होत नाहीं. ही स्थिति कशी उत्पन्न झाली, याचा थोडा विचार आपण करूं.

पोटामागें घर सोडणें हें या जिल्ह्यास नवें नाहीं. बालाघाटच्या या माथ्यावर पाऊस बेताचा. एक वर्ष पिकलें तर दुसरें हातचें जातें. सन १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि शेजारचा सोलापूर जिल्हा १९४७ पर्यंत इंग्रजांच्या अमलांत. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालीं निघाली. त्या काळीं आपल्याकडील जो मनुष्य सोलापुरास किंवा बार्शीस गिरणीकामास गेला, तो खरें पाहतां एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत गेला. तरी ती सीमा पायवाटेची होती. सणावाराला, लग्नकार्याला, म्हातारीच्या दुखण्याला तो रातोरात घरीं येत असे.

पुढें पश्चिम महाराष्ट्रांत साखर कारखाने वाढले आणि वाशी, भूम, कळंब, परंडा या तालुक्यांतून ऊंसतोडीस टोळ्या जाऊं लागल्या. आपल्या जिल्ह्यांतही ढोकीच्या तेरणेसारखे कारखाने निघाले, तरी बाहेरची वाट कांहीं बंद झाली नाहीं. ही रीत आपणांस ठाऊक आहे, पण तिच्यांतली एक गोष्ट नीट न्याहाळावी म्हणून सांगतों. पावसाळ्यांत घरांतले दाणे सरत आले म्हणजे मुकादम उचल देतो. ती रक्कम हंगामांत कामानें फेडावयाची असते. मुकादमाच्या वहींत ‘कोयता’ म्हणून जी नोंद होते ती एका माणसाची नव्हे. नवरा व बायको मिळून एक कोयता. त्यानें ऊंस तोडावा, तिनें मोळी बांधावी आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यावी. एकट्या पुरुषास ‘अर्धा कोयता’ म्हणतात. मुलाची नोंद त्या वहींत नाहीं, आणि म्हाताऱ्या आईबापांचीही नाहीं. मूल गांवीं आजीजवळ ठेवावें तर पांचसहा महिने आईला अंतरतें. बरोबर न्यावें तर शाळेला अंतरतें. साखरशाळा निघाल्या, गांवोगांवीं हंगामी वसतिगृहें निघालीं. तीं चांगलींच आहेत, पण गरज त्यांहून मोठी आहे. कोपीपुढें पांचसहा वर्षांची मुलगी तान्ह्या भावास मांडीवर घेऊन बसलेली दिसते, आणि तिची आई पहाटे दोनला फडांत गेलेली असते. पट्टा पडला कीं टोळी परत येते आणि घर पुन्हां घर होतें. परंतु उचल फिटली नसेल तर पुढच्या सालचा करार तेथेंच होतो.

ही गोष्ट सांगून मी एकदम अमेरिकेकडे वळतों, याचें कोणास नवल वाटेल. मिळकतीचें अंतर जमीनअस्मानाचें आहे. संगणकापुढें बसलेल्या मनुष्याच्या कष्टाची बरोबरी फडावरच्या बाईच्या कष्टाशीं मी करीत नाहीं. केली तर तो त्या बाईचा अपमान होईल. मला दाखवावयाची आहे ती हिशेबाची रीत. ज्याला हात हवे असतात तो हातांची नोंद करतो. त्या हातांमागें जें घर उभें असतें तें त्याच्या वहींत कधीं अर्धें येतें, कधीं येतच नाहीं. अमेरिकेच्या वाटेवरही हेंच घडत आलें आहे, आणि तेथला इतिहास तर सव्वाशें वर्षांहून जुना आहे.

मराठी माणसाची ती वाट एका ताटातुटीपासूनच सुरू होते. एप्रिल १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या, तेव्हां त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें. पति गोपाळराव पोस्टखात्याच्या नोकरींत मागें राहिले. नवऱ्यानें जावें व बायकोनें वाट पाहावी, हा जगाचा क्रम येथें उलटा झाला होता. जून महिन्यांत त्या न्यूयॉर्कला पोंचल्या. न्यूजर्सींतील कार्पेंटर नांवाच्या बाईंनीं त्यांस घरच्या मुलीप्रमाणें ठेवून घेतलें. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून मार्च १८८६ मध्यें त्या डॉक्टर झाल्या, आणि त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस आनंदीबाई स्वदेशीं परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली व ती न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी येथील स्मशानभूमींत आहे. रमाबाईही १८८८ पर्यंत त्या देशांत हिंडल्या, परत आल्या, आणि १८८९ मध्यें त्यांनीं तेथील लोकस्थितीवर मराठींत ग्रंथ प्रसिद्ध केला. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या दोघींच्या मनांतील अमेरिका ही राहण्याची जागा नव्हती. तेथून कांहीं शिकून घ्यावें व तें घेऊन परत यावें, एवढेंच तें स्वप्न होतें.

पुढें तें दार लागलें. १९१७ च्या कायद्यानें आशियाच्या मोठ्या भागांतील मजुरांस अमेरिकेंत येण्याची मनाई झाली. त्या भागांत हिंदुस्थान होता. जे आधींच जाऊन पोंचले होते त्यांचें काय? १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, हिंदुस्थानचा मनुष्य कायद्याच्या अर्थानें ‘गोरा’ नव्हे, म्हणून तो नागरिक होऊं शकत नाहीं. एवढ्यावर न थांबता, ज्यांस पूर्वी नागरिकत्व मिळालें होतें त्यांच्याकडून तें काढून घेण्याचे दावे सरकारनें लावले. थिंड यांच्या बाजूनें उभे राहिलेले वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः १९१४ पासून नागरिक होते. त्यांच्यावरही दावा झाला. आपलें नागरिकत्व गेलें तर वकिली जाईल, इतकेंच नव्हे तर आपल्या अमेरिकन पत्नीचेंही नागरिकत्व जाईल, असें त्यांनीं न्यायालयापुढें मांडलें, आणि १९२६ मध्यें अपिलांत ते जिंकले.

वैष्णोदास बगाई यांस तसें यश लाभलें नाहीं. ते १९१५ सालीं पत्नी कला व तीन मुलगे यांस घेऊन सॅनफ्रान्सिस्कोस गेले होते, १९२१ मध्यें नागरिक झाले, आणि पुढें तें नागरिकत्व गमावून बसले. स्वदेशीं येऊन नातलगांस भेटावें तर अमेरिकेचा पासपोर्ट मिळेना. १९२८ मध्यें त्यांनीं आत्महत्या केली. कलाबाईंनीं मुलांस तेथेंच वाढविलें. कॅलिफोर्नियांतील शीख शेतकऱ्यांची कथा निराळी. त्यांच्या बायका पंजाबांत राहिल्या, त्यांस आणतां येईना. तेव्हां कित्येकांनीं तेथील मेक्सिकन स्त्रियांशीं विवाह केले, आणि एका पुरुषाचीं दोन घरें दोन खंडांत झालीं. आजकाल ज्यास सर्व जग ‘अमेरिकन स्वप्न’ म्हणतें तो शब्द जेम्स ट्रस्लो अॅडम्स या लेखकाच्या १९३१ च्या पुस्तकामुळें रूढ झाला. तेव्हां त्या देशांत मंदी होती आणि आपल्या लोकांस दार बंद होतें. स्वप्नाला नांव मिळालें तें अशा वेळीं!

२ जुलै १९४६ रोजीं अध्यक्ष ट्रुमन यांनीं नव्या कायद्यावर सही केली आणि हिंदुस्थानच्या लोकांस नागरिक होण्याची मुभा मिळाली. वर्षास किती जणांनीं यावें? शंभर. योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत, ७ जुलै रोजीं, फ्रान्सिस झेवियर काब्रिनी यांस संतपद देण्यांत आलें. या इटालियन भगिनींस धर्मकार्यासाठीं चीनला जावयाचें होतें; पोपमहाशयांनीं त्यांस पश्चिमेकडे, अमेरिकेंत गेलेल्या गरीब इटालियन लोकांमध्यें पाठविलें, आणि देशांतर करणारांची आश्रयदाती म्हणून त्यांस आज आपण ओळखतों. अमेरिकेच्या नागरिकांपैकीं संतपदास पोंचलेल्या त्या पहिल्या. आणि त्या तेथें जन्मलेल्या नव्हत्या.

खरें परिवर्तन झालें तें १९६५ मध्यें. अध्यक्ष जॉन्सन यांनीं स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशीं ३ ऑक्टोबरला ज्या कायद्यावर सही केली, त्यानें देशवार पक्षपाताची जुनी पद्धत मोडली आणि कुटुंबाच्या पुनर्मीलनास पहिला मान दिला. यांत एक मौज आहे. नागरिकांच्या नातलगांस प्राधान्य द्यावें असा आग्रह धरणारे ओहायोचे प्रतिनिधि मायकेल फीघन यांची समजूत अशी होती कीं, देशांत युरोपियनांचेच वंशज अधिक असल्यामुळें नातलगही युरोपांतूनच येतील व देशाचा रंग पालटणार नाहीं. झालें उलट. युरोपच्या लोकांस येण्याची तितकी निकड राहिली नव्हती. आणि आपल्याकडून जे डॉक्टर, इंजिनियर आपल्या विद्येच्या बळावर गेले, ते कांहीं वर्षांत नागरिक होऊन बायको, भाऊ, बहीण, आईबाप यांस नेऊं लागले. त्या पिढीचे मराठी लोक थोडक्या डॉलरांनिशीं गेले. पत्र पोंचावयास आठदहा दिवस, ट्रंककॉलचा खर्च परवडत नसे, आणि गांवीं येणें तीनचार वर्षांतून एकदां. परंतु त्यांचें घर तेथें उभें राहिलें. १९८१ मध्यें बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालें. गणेशोत्सव, नाटकें, मराठी शाळा सुरू झाल्या. आनंदीबाईंच्या स्वप्नांत परत येणें होतें. या मंडळींच्या स्वप्नांत आपलीं माणसें आपल्याजवळ आणणें होतें.

आतां आजच्या मुलांकडे येऊं. कारण गुंता येथें आहे, आणि आईबापांस तो कोणी समजावून सांगत नाहीं. १९९० च्या कायद्यानें एच-१बी नांवाचा परवाना निघाला. तो तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा, आणि मालकाच्या अर्जावर अवलंबून असलेला. त्यांतून कायम वास्तव्याकडे, म्हणजे ग्रीन कार्डाकडे जावयाचें, तर नोकरीच्या मार्गानें सर्व जगासाठीं वर्षास सुमारें १,४०,००० जागा. कोणत्याही एका देशास सात टक्क्यांहून अधिक देऊं नये, असा दंडक. भारतासारखा खंडप्राय देश असो कीं एखादें चिमुकलें बेट असो, मर्यादा एकच. म्हणून भारतीयांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे. शिवाय त्या संख्येंत नोकरी करणारा तेवढाच नव्हे, तर त्याची बायको व प्रत्येक मूल हींही एकेक जागा घेतात. मुकादमाच्या वहींत मूल मोजलें जात नाहीं म्हणून त्याचे हाल. येथें मोजलें जातें म्हणून रांग लांबते. रांगेंत उभ्या असलेल्या मनुष्याची नोकरी गेली तर नवा मालक शोधण्यास त्याला साठ दिवसांची मुदत असते. पत्नी त्याच्याच इतकी शिकलेली असली तरी २०१५ पर्यंत तिला तेथें नोकरी करतां येत नसे. त्या सालीं कांहींजणींस मुभा मिळाली, तीही नवऱ्याचा अर्ज ठराविक टप्प्यास पोंचला असेल तरच.

आणि मुलें. तान्हेपणीं आईच्या कडेवर गेलेलें मूल एकवीस वर्षांचें झालें कीं कायद्याच्या दृष्टीनें ‘मूल’ राहत नाहीं. बापाची रांग संपलेली नसेल तर त्याला स्वतःचा परवाना शोधावा लागतो, नाहींतर तो देश सोडावा लागतो. २००२ च्या एका कायद्यानें कांहींजणांस दिलासा मिळाला, पण सर्वांस नाहीं. थोरला मुलगा पुण्यास जन्मलेला व धाकटी बहीण तेथें जन्मलेली असेल, तर ती नागरिक व तो पाहुणा. एकाच ताटांत जेवलेल्या भावंडांस सरकार दोन प्रकारचीं माणसें मानतें. त्या मुलानें परत कोठें यावें? ज्या गांवचा रस्ता त्याला ठाऊक नाहीं त्या गांवीं.

आरंभीं मी ज्या उत्तराचा उल्लेख केला त्याचा उलगडा आतां होईल. अमेरिकेंत राहण्याचा परवाना आणि अमेरिकेंत शिरण्याचा व्हिसा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. परवाना चालू असतांही पासपोर्टावरील व्हिसाची मुदत संपलेली असूं शकते. तो मनुष्य तेथें बिनघोर राहतो. परंतु एकदां बाहेर पडला कीं मुंबईच्या अमेरिकन वकिलातींत पुन्हां मुलाखत, पुन्हां छाप, आणि तो मिळेपर्यंत परत जाणें नाहीं. १९२८ मध्यें बगाईंस जी अडचण होती तिचें हें सौम्य रूप आहे. २०२१ मध्यें तर तें सौम्यही राहिलें नाहीं. करोनाच्या दुसऱ्या लाटेंत आईबाप अत्यवस्थ म्हणून कित्येक मुलें धांवत भारतांत आलीं. ४ मे पासून अमेरिकेनें भारतांतून येणाऱ्या तात्पुरत्या परवानाधारकांस सरसकट बंदी केली, ती ८ नोव्हेंबरपर्यंत टिकली. कांहीं सवलती होत्या, पण वकिलातींचें कामच जवळजवळ थांबलें होतें. कोणी बापास अग्नि देण्यास किंवा आईस माती देण्यास आला आणि बायकोमुलांपासून महिनेच्या महिने तुटला. जे आले नाहींत त्यांनीं अंत्यविधि मोबाईलवर पाहिला. कोणाचें दुःख मोठें, हें मला तोलतां येत नाहीं.

ज्यांजवळ कसलेच कागद नव्हते त्यांची दशा अर्थात् याहून वाईट. २०१८ च्या वसंतांत मेक्सिकोच्या सरहद्दीवर आईबापांस तुरुंगांत व मुलांस निराळ्या आश्रयस्थानांत ठेवण्याचें धोरण अमलांत आलें. जून महिन्यांत तें मागें घेण्यांत आलें, तोंपर्यंत हजारों मुलें दुरावलीं होतीं, आणि मुलें कोणाचीं कोठें ठेवलीं याची पुरती नोंदही ठेवण्यांत आली नव्हती. तेथील धर्माध्यक्षांनीं त्या धोरणाचा उघड निषेध केला. ५ फेब्रुवारी २०२५ रोजीं अमेरिकेच्या लष्करी विमानानें १०४ भारतीय अमृतसरला आणून उतरविले. प्रवासांत त्यांच्या हातांपायांत बेड्या होत्या. दलालास लाखों रुपये देऊन, जमीन विकून, जंगलांतून चालत गेलेल्या त्या माणसांस मी मूर्ख म्हणणार नाहीं. उचल घेऊन निघालेला मनुष्य कसा विचार करतो हें आपल्या जिल्ह्याइतकें कोणास ठाऊक? आणि सप्टेंबर २०२५ मध्यें तेथील अध्यक्षांनीं नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरांची आकारणी जाहीर केली, तेव्हां कागदपत्रें चोख असलेल्या वाटेवरही धोंड आली. २०२३-२४ या वर्षीं अमेरिकेंत शिकणारे भारतीय विद्यार्थी ३,३१,६०२ होते, सर्व देशांत अधिक. त्यांपैकीं पुष्कळांच्या पाठीमागें बँकेचें कर्ज आहे आणि त्या कर्जामागें बापाची जमीन किंवा घर तारण आहे. नोकरी लागली तर फिटेल, हा भरंवसा. हीही उचलच, फक्त मुकादमाच्या जागीं बँक आहे.

आणखी एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. जुनीं माणसें आपल्या बायकोचा उल्लेख ‘आमचें कुटुंब’ असा करीत, आणि आम्ही त्यांस हंसत असूं. अमेरिकेच्या परवान्याचा कायदा नेमका त्याच मताचा आहे! त्याच्या लेखीं कुटुंब म्हणजे बायको, अथवा नवरा, आणि एकवीस वर्षांखालील मुलें. आजी, आजोबा, विधवा आत्या, लग्न न झालेली बहीण हीं त्या शब्दांत येत नाहींत. नागरिक झालेला मुलगा आईबापांस कायमचें नेऊं शकतो. परंतु रांगेंतल्या मुलाचे आईबाप हे पाहुणे. सामान्यतः एका खेपेस सहा महिने. म्हणून आपल्या आया बाळंतपणास जातात. सहा महिने मसाला दळून, नातवास तेल लावून, बर्फाकडे खिडकींतून पाहत राहतात, आणि मूल आजीस ओळखूं लागतें न लागतें तों परत येतात. पुढच्या खेपेस त्याला आजीची भाषा अर्धीच कळते. वडील तर जात नाहींत. शेत, गाय, घर कोणावर टाकावें? असे नवराबायको साठीनंतर सहा सहा महिने एकमेकांपासून दूर राहतात. मुलाचा संसार जोडण्यासाठीं आईबापांचा संसार तुटतो, हें कोणाच्या हिशेबांत धरलें जातें?

मी मुलांस जाऊं देऊं नका असें सांगावयास आलेलों नाहीं. तसें सांगणारा मनुष्य बहुधा स्वतःच्या मुलास पाठवून आलेला असतो. ज्या जिल्ह्यांत विहिरीला पाणी नाहीं तेथें बाहेरची वाट बंद करा म्हणणें हा निष्ठुरपणा होईल. मात्र जातेवेळीं आपण पगार विचारतों, शहर विचारतों. परवाना कोणता, तो किती वर्षांचा, तो कोणाच्या हातीं, आणि तो चालू असतां घरीं येऊन परत जातां येईल का, हें विचारीत नाहीं. तें विचारावें. विचारल्यानें मुलाचा अपमान होत नाहीं. त्यालाही कित्येकदां तें कोणी विचारलेलें नसतें. कर्जासाठीं राहतें घर तारण ठेवूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. जमिनीचा तुकडा गेला तर सोसतां येतो, छप्पर गेलें तर मुलाला परतण्याची जागा राहत नाहीं. आणि म्हातारपणाची आपली शिल्लक त्याच्या शिक्षणांत संपूर्ण घालूं नये. डॉलर येतील तेव्हां येतील.

शेवटीं एक व्यवहाराची बाब, जी या धर्मग्रामाच्या हातांतली आहे. फादरांनीं मला सांगितलें कीं, परदेशांतून कार्यालयास जीं पत्रें येतात त्यांत बाप्तिस्म्याच्या दाखल्याची मागणी पुष्कळदां असते. ग्रीन कार्डाच्या वेळीं जन्माचा पुरावा लागतो. ग्रामपंचायतींत जन्माची नोंद झालेली नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा लागतो, आणि त्याच्या जोडीला बाप्तिस्म्याची जुनी नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते. ऊंसाच्या फडावर दुसऱ्या जिल्ह्यांत जन्मलेल्या मुलांचीही हीच अडचण आहे. त्यांचा जन्म धड येथें लिहिलेला नसतो, धड तेथेंही नसतो, आणि शाळेंत घालतांना मास्तरांनीं अंदाजानें एक जूनची तारीख घातलेली असते. ज्यांचें नांव शाळेच्या दाखल्यांत एक, आधार कार्डावर दुसरें आणि बाप्तिस्म्याच्या वहींत तिसरें आहे, त्यांनीं तो फरक आतांच कागदपत्रांनिशीं जुळवून घ्यावा. जन्माच्या वेळीं हजर असलेलीं आजीआजोबा, मामा, सुईण हीं माणसें प्रतिज्ञापत्र करून द्यावयास आज आहेत. मोठीं सही-शिक्क्याचीं कामें सोडून कार्यालय यासाठीं दर रविवारीं मिस्सानंतर दुपारीं एकपर्यंत उघडें राहणार आहे. येतांना शाळेचा दाखला बरोबर आणावा.